दाजी, माझी आदळत नाही

फेब्रुवारीत सासुरवाडीहून द्राक्षांचं क्रेट आणलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं. सासुरवाडी दिंडोरी तालुक्यात, सासऱ्यांची बाग आहे, आणि व्यापाऱ्याला माल जायच्या आधी पोरीकडे एक क्रेट आणि पोराकडे एक क्रेट गेलंच पाहिजे हा त्यांचा नियम. तर त्या रविवारी दोन गाड्या एकामागोमाग निघाल्या, पुढे मेहुणा, मागे मी, रस्ता एकच, स्पीड जवळपास एकच, दोघांच्या डिकीत एकेक क्रेट. नाशिकला आल्यावर तो पाथर्डी फाट्याला गेला, आम्ही गंगापूर रोडला. घरी आल्यावर बायकोने घड उचलून टोपलीत ठेवले तर क्रेटच्या तळाशी वाडगाभर मणी गळून पडलेले, दोन-चार फुटलेले, खाली अंथरलेला पेपर ओला. म्हटलं पिकलेला माल आहे, गळणारच की. तेवढ्यात व्हॉट्सअॅपवर मेहुण्याच्या क्रेटचा फोटो आला. तळाशी सहा-सात मणी, बस. आणि खाली मेसेज, दाजी, माझी आदळत नाही.

आता यात मीठ चोळण्यासारखं काय तर गाडी दोघांची सेम आहे. म्हणजे अगदी सेम, तीच कंपनी तेच मॉडेल, फक्त माझी २०२३ ची आणि त्याची २०२५ ची, गेल्या दसऱ्याला घेतलेली. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, एक तर पुढे थोडं रडगाणं आहे आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं की वाचणाऱ्यांच्या लगेच दोन पार्ट्या पडतात आणि सस्पेन्शन, म्हणजे हादरे झेलणारे स्प्रिंग-शॉकअप वगैरे, राहतं बाजूला. चार मीटरच्या आसपासची एसयूव्ही आहे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, मागे टॉर्शन बीम म्हणजे दोन चाकं जोडणारा पिळणारा दांडा, आज रस्त्यावर दिसणाऱ्या अर्ध्या गाड्यांना असतं तेच.

दसऱ्यापासून मेहुण्याची टेप चालूच होती की २५ च्या मॉडेलला कंपनीने सस्पेन्शन सुधारलंय. त्याला शोरूमवाल्याने सांगितलं, शोरूमवाल्याला कुणी सांगितलं देव जाणे, कारण ब्रोशरमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही. ब्रोशरमध्ये काय, तर नवीन रंग, मोठी स्क्रीन आणि व्हेंटिलेटेड सीट. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये याच गाड्या पाच आहेत, २२ पासून २५ पर्यंतच्या, आणि रात्री जेवण झाल्यावर शतपावलीला उतरलेली मंडळी तिथे उभी राहिली की हाच विषय. एक काका म्हणतात काहीही बदललं नाही, हे सगळं विकायचे धंदे. एकजण म्हणतो पूर्वीची हायवेला जास्त स्टेबल होती, नवीन मऊ करून घालवली. आणि मेहुणा आला असेल तर तो चावी बोटावर फिरवत म्हणणार, चला ना एक राउंड मारू, तुम्हीच सांगा.

मी अंबडला एका व्हेंडरकडे क्वालिटीत आहे, आमच्याकडे शीटमेटलचे ब्रॅकेट बनतात, सस्पेन्शनशी संबंध शून्य. पण एवढं माहितीये की गाडीत बदल कधी होतो आणि ग्राहकाला तो कधी सांगितला जातो या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आमच्या भाषेत याला रनिंग चेंज म्हणतात. ड्रॉइंगवर रिव्हिजनचं अक्षर बदलतं, जुना स्टॉक संपवतात, आणि अमुक लॉटपासून नवीन पार्ट लागायला लागतो, फेसलिफ्ट नाही की लाँच नाही की ढोल नाही. आणि आपल्याकडे तसंही मॉडेल इयर म्हणजे काय तर आरसीवर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष. अमेरिकेत कसं, पुढच्या वर्षाचं मॉडेल आदल्या वर्षीच विकायला येतं आणि काय बदललं ते सांगून येतं. आपण डिसेंबरच्या डिस्काउंटला भुलून गाडी घेतो आणि एक जानेवारीला ती विकायच्या भावात एक वर्षाने म्हातारी होते. असो.

तर ठरलं की भांडायचं नाही, मोजायचं. मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला मेहुणा गाडी घेऊन आला, मी आईला पण उठवलं कारण मागच्या सीटवर कोणीतरी पाहिजे आणि आईच्या कंबरेइतकं नाजूक मीटर आमच्या घरात दुसरं नाही. रस्ता ठरवला आनंदवली, सोमेश्वर, गंगापूर, दुगाव, गिरणारे आणि परत. या रस्त्यावर सगळं मिळतं, गुळगुळीत पट्टा, पॅच मारलेला पट्टा, सिंहस्थाच्या नावाने खोदून परत बुजवलेला चर, आणि स्पीड ब्रेकर तर विचारू नका. स्पीड ब्रेकर कसा असावा याचं इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे, उंची १० सेंटीमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाई १७ मीटर त्रिज्येची, म्हणजे २५ च्या स्पीडने गाडी आरामात वर जाऊन खाली यावी असा. आपल्याकडचे ब्रेकर रात्रीतून उगवतात, उंची तेवढीच पण रुंदी हातभर, त्याला ब्रेकर नाही बांध म्हणतात.

पहिला राउंड आहे त्या अवस्थेत. आधी माझी, मग त्याची. आणि खरं सांगतो, फरक होता. लाज वाटावी इतका. माझ्या गाडीत पॅचवर्कवरून जाताना स्टिअरिंगला आणि सीटला कटकटकट बारीक हादरे, ब्रेकरवरून उतरल्यावर मागची बाजू एकदा वर, मग खाली, मग परत थोडी वर. त्याच्या गाडीत एकदाच ढुप्प आणि विषय संपला. आई म्हणाली, याच्यात बरं वाटतं रे. मेहुणा काही बोलला नाही, पण आरशात त्याचं तोंड दिसत होतं.

गिरणाऱ्याला चहाला थांबलो तेव्हा मला सुचलं आणि डिकीतून हवेचा छोटा पंप काढून प्रेशर बघितलं. माझ्या चारही टायरला ४० पीएसआय. दरवाजाच्या आतल्या स्टिकरवर लिहिलंय ३३. मग आठवलं, मागच्या आठवड्यात पंपावरच्या पोराने विचारलं होतं, हायवेला चाललात का साहेब, मी हो म्हटलं, त्याने घेतले फुगवून. टायर चालून गरम झाल्यावर दोन-तीन पीएसआय वाढतातच, पण ते धरूनही चार-पाच जास्त. आणि मेहुण्याच्या टायरला? ३१. गरम असताना. म्हणजे टायर थंड असताना २९च असणार, कमीच होती बिचाऱ्याची हवा, पाच महिन्यात कधी भरलीच नाही. मी म्हटलं, हे आहे का तुझं सुधारलेलं सस्पेन्शन. तो म्हणे दाजी हवेचं काय, हवा तर हवा आहे. अरे पण टायर म्हणजेच पहिलं सस्पेन्शन ना, रस्त्याला आधी तोच लागतो.

आणि दुसरी भानगड. माझं टॉप मॉडेल, अलॉय १७ इंची, टायर २१५/५५ आर १७. त्याचं मधलं मॉडेल, १६ इंची, २१५/६० आर १६. हिशोब सोपा आहे, २१५ रुंदीच्या ६० टक्के म्हणजे १२९ मिलिमीटर त्याच्या टायरची भिंत, माझी ५५ टक्के म्हणजे ११८. पूर्ण चाकाचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, ६६४ आणि ६६८, पण खड्ड्याची धार रिमपर्यंत पोचायच्या आधी रबराची जी गादी असते ती माझ्याकडे एक सेंटीमीटरने कमी. शिवाय अलॉय मोठं म्हणजे बहुतेक वेळा जडही. दिसायला भारी दिसतं, शोरूममध्ये आपण चाकाकडे बघून तर वरचं मॉडेल घेतो. मी पण तसंच घेतलं, पन्नास-साठ हजार जास्त देऊन कडक राइड विकत घेतली म्हणायची.

दोन्ही गाड्यांची हवा सारखी करून परत आलो. येताना फरक कमी झाला, निम्मा म्हणा. आईने पण सांगितलं की आता तुझी पण बरी चालली. पण ते ब्रेकरनंतरचं डुलणं होतं तसंच.

इथे माणूस शहाणा असेल तर थांबतो. आम्ही मुंबई नाक्याकडे चाचांच्या गॅरेजला गेलो. चाचा म्हणजे माझ्या वडिलांच्या फियाटपासून आमच्या घरातल्या गाड्या बघतात. वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती, मागे गोल स्प्रिंगऐवजी लोखंडी पाटे, आणि त्या पाट्यांच्या मधे ग्रीस भरायला चाचांकडे जायचो तेव्हा मला स्टुलावर बसवून गोळी द्यायचे. त्यांना सगळा किस्सा सांगितला आणि विचारलं, दोन्ही गाड्यांची चाकं अदलाबदल करून देता का. चाचांनी चष्मा काढून आमच्याकडे बघितलं, पोराला हाक मारली आणि म्हणाले, शिकलेली माणसं आहेत, करून दे.

बोल्ट पाच-पाच, पीसीडी म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचा व्यास एकच, बसायला अडचण काहीच नव्हती. गनने खोलून अर्ध्या तासात माझ्या गाडीला त्याची १६ ची चाकं, त्याला माझी १७ ची. आणि मुंबई नाका ते पाथर्डी फाटा सर्व्हिस रोडने दोन चकरा. यातनं जे कळलं ते मला वाटतं या सगळ्या उपद्व्यापातलं खरं सोनं होतं, कारण दोन गोष्टी वेगळ्या झाल्या ज्या आपण बोलताना एकच करून टाकतो. बारीक कटकट, पॅचवर्कची, काँक्रीटच्या सांध्यांची, ती चाकांबरोबर त्याच्या गाडीत गेली. मेहुणा स्वतः म्हणाला, अरे ही तर तुमच्यासारखी वाजायला लागली. पण ब्रेकरनंतर ढुंगण हलवणं माझ्याच गाडीत राहिलं. ते चाकाचं नव्हतं.

यामागे साधं कारण आहे. गाडीचं धड स्प्रिंगवर डुलतं ते सेकंदाला एक-दीड वेळा, पाळण्यासारखं. चाक मात्र रस्त्यावर थरथरतं सेकंदाला दहा-पंधरा वेळा. दोन्हीला आवरायचं काम एकाच शॉकअपचं. लोक समजतात शॉकअप गाडी पेलतो, तसं नाही, पेलते स्प्रिंग, शॉकअप फक्त तिला उड्या मारू देत नाही. नळीत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि त्या भोकांवर पातळ चकत्या. तेल त्या चकत्या वाकवून जातं, जाताना अडतं, आणि स्प्रिंगची ताकद तेलाच्या उष्णतेत संपते. घाटातल्या खराब रस्त्यावरून आल्याआल्या शॉकअपला हात लावून बघा, गरम लागतो. चकती जाड केली की गाडी डुलत नाही पण बारीक थरथर अंगावर येते, पातळ केली की थरथर जिरते पण ब्रेकरनंतर नाव डोलल्यासारखी डोलते. इंजिनिअर लोकांचं अर्धं आयुष्य या चकत्या बदलण्यात जातं. दाबताना किती अडवायचं आणि परत येताना किती, हे पण वेगवेगळं ठेवतात, आणि परत येतानाचं सहसा जास्त कडक असतं, कारण दाबलेली स्प्रिंगच गाडीला वर फेकते.

म्हणून तर ते नवीन प्रकारचे शॉकअप आले, फ्रिक्वेन्सीवर चालणारे. जीप कंपासला २०१७ पासून होते, मग महिंद्राने एक्सयूव्ही ७०० ला, स्कॉर्पिओ एनला आणि थार रॉक्सला दिले. त्यात आत अजून एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पटपट थरथर असली की तो तेलाला चोरवाट उघडी ठेवतो म्हणजे शॉकअप मऊ, आणि हळू लांब डुलणं असलं की तेवढ्यात प्रेशर चढून वाट बंद म्हणजे कडक. सेन्सर नाही, वायर नाही, सगळा तेलाचा खेळ. एवढंच काय, २०२५ मध्ये बोलेरो नवीन आली तिलासुद्धा राइडफ्लो नावाने सस्पेन्शन सुधारल्याचं सांगितलं. बोलेरो! सासऱ्यांकडे जुनी आहे, मागे पाटे, रिकामी असली की बांधावरून सशासारखी उडते आणि वीस क्रेट टाकले की पालखीसारखी चालते. गाडी कोणत्या वजनाला धरून बनवलीये हे त्या बोलेरोत बसल्यावर कळतं. आमच्या दोघांच्या गाडीत असला कुठला व्हॉल्व्ह नाही, साधे तेल-गॅसचे शॉकअप, पण साध्यातसुद्धा चकती बदलली की स्वभाव बदलतो.

तर चाचांनी माझी गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेतली. पुठ्ठा टाकून मी पण खाली उतरलो, मोबाइलचा टॉर्च लावून. मागच्या डाव्या शॉकअपकडे चाचांनी बोट केलं. वरच्या काळ्या रबरी टोपीखालून साधारण चार बोटं नळी ओली, आणि तेलावर धूळ बसून मेणासारखा काळा थर झालेला. उजवा कोरडा, धूळ पांढरी, फुंकली तर उडेल अशी. चाचांनी डाव्यावर बोट फिरवून माझ्या नाकाजवळ आणलं, वास जळक्या तेलाचा. म्हणाले, "शेठ, मॉडेलला शिव्या देताय, पण हा तर रडतोय कधीचा. एक मेलाय." ४१ हजार किलोमीटर झालेत माझे, त्यातले बरेच त्र्यंबक रोडचे आणि कसाऱ्याचे.

आणि मागे टॉर्शन बीम असल्यामुळे एक मेला की दुसऱ्यालाही त्रास. दोन चाकांच्या मधे तो पिळणारा दांडा असतो ना, त्याला मी जू म्हणतो, एक बैल ठेचकाळला की दुसऱ्याच्या मानेला पण हिसका. स्वस्त पडतो, डिकीत जागा खात नाही, म्हणून आपल्या बजेटमध्ये तोच मिळतो, तक्रार नाही. पण मग त्याचे शॉकअप तरी ठणठणीत पाहिजेत.

मग मेहुण्याची गाडी खड्ड्यावर. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात, कोणती स्प्रिंग कोणत्या गाडीला ते लाइनवर ओळखायला. दोन्ही गाड्यांना पिवळा आणि पांढरा, सेम. म्हणजे मागची स्प्रिंग बदललेली नाही. पण शॉकअपवरच्या स्टिकरचा नंबर बघितला तर शेवटची दोन अक्षरं वेगळी. माझ्यातला क्वालिटीवाला तिथेच पुठ्ठ्यावर उठून बसला आणि डोकं सायलेन्सरला आपटलं. रिव्हिजन! म्हणजे शोरूमवाला खोटं बोलत नव्हता, काका पण पूर्ण खोटं बोलत नव्हते. मेहुण्याला म्हटलं, तुझी गाडी चार गोष्टींनी चांगली आहे, हवा कमी, टायर जाड, शॉकअप नवे कोरे, आणि चौथी गोष्ट खरंच कंपनीने केलीये. तो म्हणे, म्हणजे मी बरोबर होतो ना. हो बाबा, चारात एक.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथलं सगळं सांगत बसत नाही, प्रत्येकाने भोगलेलं आहे. मागच्या दोन सर्व्हिसला मी लिहून दिलं होतं की मागून डुलते, दोन्ही वेळा उत्तर एकच, सर ते गाडीचं कॅरेक्टर आहे. या वेळी फोटो दाखवला तर म्हणे थोडं स्वेटिंग नॉर्मल असतं. शॉकअपला घाम येतो हे मला नवीन होतं. वॉरंटी तीन वर्षांची आहे ना अजून, म्हटलं. तर पुस्तिकेतलं ते बारीक अक्षरांचं पान, शॉकअप आणि रबरी पार्ट्सना वेगळी कमी मुदत, ती माझी कधीच संपलेली. म्हणजे पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा मुदतीत होतो आणि तेव्हा ते कॅरेक्टर होतं, आता मुदत संपली तर घाम. तुम्हाला सांगतो, जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दात लिहून घ्या आणि त्याची कॉपी ठेवा, मी ठेवली नव्हती.

भांडायला अंगात जोर नव्हता म्हणून पार्ट्सच्या काउंटरला गेलो. काउंटरवरच्या पोराला माझ्या शॉकअपचा नंबर दिला. त्याने टाइप केला, स्क्रीनकडे बघून म्हणाला, "सर हा नंबर बंद झालाय, याच्या जागी हा लागतो." आणि कागदावर नवीन नंबर लिहून दिला. शेवटची दोन अक्षरं, मेहुण्याच्या गाडीवरची. मी विचारलं, माझ्या २३ च्या गाडीला बसेल? तो म्हणे, सिस्टम तर दाखवतेय. म्हणजे २५ च्या मॉडेलचं सुधारलेलं सस्पेन्शन, निदान मागचं तरी, दोन हजार चारशे रुपयाला एक या भावाने काउंटरवर पडून होतं आणि मी अडीच वर्षं कॅरेक्टर सहन करत होतो. दोन शॉकअप, दोन बंप स्टॉपची रबरं, दोन धुळीच्या टोप्या, सगळं मिळून साडेपाच हजारांच्या वर थोडं.

बसवायला परत चाचांकडेच. तिथे एक गोष्ट बघितली ती लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या गॅरेजला हे कोणी करताना बघितलं नाही. जुने काढले, नवीन लावले, खालचा बोल्ट घातला पण ओढला नाही, नुसता हाताने फिरवून ठेवला. मी म्हटलं विसरलात काय. चाचा म्हणाले थांबा. गाडी जॅकवरून खाली उतरवली, डिकीत दोन जुने गिअरबॉक्स ठेवले, मागच्या बाजूला दोनदा दाबून बसू दिलं, मग खड्ड्यात उतरून बोल्ट ओढले. कारण शॉकअपच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या कडीत, रबराचा बुश असतो, गाडी वर लटकत असताना बोल्ट आवळला तर बुश त्या अवस्थेत पकडला जातो, आणि गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो, सहा महिन्यात फाटतो, कुईकुई आवाज. माझ्या हातातले जुने दोन्ही शॉकअप मी दाबून बघितले. उजवा दाबला की हळूहळू जातो आणि हळूहळू परत येतो. डावा अर्ध्यापर्यंत सुईच्या पिचकारीसारखा सुटतो, मग अडतो. परत यायचं नावच नाही. या काठीवर मी आईला वणीच्या गडावर नेऊन आणलं होतं, नांदुरीपासून वरचा सगळा घाट, आणि वर कंबर दुखते म्हटल्यावर तिलाच म्हटलं होतं की वय झालं तुझं.

चाचांनी मजुरीचे सहाशे घेतले, चहा त्यांनीच पाजला. आणि म्हणाले पुढचे दोन पण आता फार दिवस काढणार नाहीत, पण आत्ता बदलू नका, त्या अलॉयला आधी टायर घ्यायची वेळ येईल तेव्हा बघू.

फरक? मागचं डुलणं गेलं. ब्रेकरनंतर एकदा खाली, एकदा वर, गप्प. समृद्धीला भरवीरहून चढून इगतपुरीकडे एक चक्कर मारली तर लेन बदलताना मागची बाजू जी अर्धा सेकंद उशिरा यायची ती आता बरोबर येते, हे मला अपेक्षितच नव्हतं. काँक्रीटच्या सांध्यांची टपटप आहे तशीच आहे, ती ११८ मिलिमीटरची भिंत आहे तोवर राहणार. पुढून खोल खड्ड्यात धाड होतं ते पण आहे. पार्किंगमधल्या काकांना सांगितलं तर ते म्हणाले नवीन पार्ट टाकल्यावर कोणतीही गाडी चांगलीच चालणार, त्यात मॉडेल कुठे आलं. हे खरंय. जुन्या नंबरचा कोरा शॉकअप मला कुठे मिळणार होता ताडून बघायला, तो तर बंद झालाय. म्हणजे सुधारणा किती आणि नवेपणा किती हे मला अजूनही वेगळं करता आलेलं नाही, आणि बहुतेक रात्री शतपावलीला हा विषय अजून वर्षभर पुरेल.

मार्चच्या शेवटी सासऱ्यांनी बागेतला शेवटचा माल काढला. परत दोन क्रेट, परत दोन गाड्या, या वेळी मी पुढे होतो. हवा ३३, सकाळी थंड टायरला घरच्या पंपाने भरलेली. घरी आल्याआल्या मी स्वतः घड उचलले, बायको दारात उभी राहून बघत होती की हा माणूस क्रेटच्या तळाशी मोबाइलचा टॉर्च का मारतोय. अकरा मणी. फोटो काढला, मेहुण्याला पाठवला. पाच मिनिटांनी त्याचा आला. एकोणीस.

मी काही लिहिलं नाही. मग त्याचाच मेसेज आला, दाजी, हवा किती ठेवता तुम्ही?